पाठमोरे भावजी

इस्पितळाचा नंबर मोबाइलवर दिसला आणि मी फोन उचललाच नाही. सकाळची वेळ होती. कॉफीचं डिकॉक्शन थेंब थेंब उतरत होतं आणि मी ओट्याला धरून नुसती उभी होते. फोन वाजतोय तोवर भावजी आहेत, असं काहीतरी वेड्यासारखं मनात होतं... तो वाजायचा थांबला. पुन्हा वाजू लागला. तेव्हा मात्र उचलावा लागला. तंजावरच्या त्या वॉर्डातली नर्स आता चांगली ओळखीची झाली होती. एरवी भराभर बोलणारी ती पोरगी एवढंच म्हणाली, "अम्मा, अय्या पोयिट्टार." गेले. मी "बरं" म्हणाले. बातमी ऐकून माणूस रडतो म्हणतात. मला रडू आलं नाही, मला भीती वाटली. ज्या गोष्टीला गेली कितीतरी वर्षं भीत होते, ती होऊन गेली होती आणि तरी भीती जागची हलली नव्हती.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नाव डीटर. जर्मन. अकॉर्डियन वाजवायचे आणि गायकवृंद चालवायचे, तिकडेही आणि अखेरची बारा-पंधरा वर्षं आमच्या कुंभकोणममध्येही. आमचं घराणं तंजावरच्या मराठी राज्याबरोबर इकडे आलेलं. घरात आम्ही मराठी बोलतो, पण आमची मराठी तिकडे पुण्या-मुंबईत कुणी ऐकली तर नाटकातली वाटते. मी शिकायला काही वर्षं पुण्यात होते, म्हणून हे लिहिताना माझी भाषा तुमच्यासारखी होते आहे. भावजींची तशी कधीच झाली नाही. ते मराठी शिकले ते आमच्या आईकडून, या घराच्या स्वयंपाकघरात. "मी सांगितलं" असं आम्ही म्हणत नाही, "मी सांगितलों" म्हणतो. भावजीही तेच म्हणत, वर जर्मन 'र' लावून. साडेसहा फुटांच्या गोऱ्या माणसाच्या तोंडून "मजला थोडें ताक देतेस का गा" हे ऐकून पुण्याहून आलेल्या माझ्या मैत्रिणीला हसू आवरेना. भावजींनी तिला शांतपणे विचारलं, "काय चुकलों?" ती म्हणाली, "काही नाही हो, तीनशे वर्षं उशिरा आलात."

अक्का नर्सिंगसाठी जर्मनीला गेली तेव्हा मी शाळेत होते. तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात एकटेपणाने जीव जायची वेळ आली, तेव्हा इस्पितळातल्या एका सहकारी बाईने तिला गावातल्या गायकवृंदात ओढून नेलं. तिथे पाववाला होता, टपालवाला होता, दोन शिक्षिका होत्या, आणि समोर हा उंच, वाकलेला, तरुण वयातच केस पांढरे झालेला माणूस. अक्का मागच्या रांगेत लपली. त्याने तिला पुढे आणून उभं केलं. पुढे लग्न झालं तेव्हा आमच्या घरात काय काय झालं ते सांगत नाही. आईने दोन वर्षं अक्काशी बोलणं टाकलं आणि मग याच जावयाला आपल्या हाताने भाषा शिकवली, एवढं पुरे.

भावजींचं तिकडचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. वडील लग्नकार्यांत अकॉर्डियन वाजवायचे. पोराच्या गळ्यात ते वाद्य अडकवलं तेव्हा पोर त्यामागे दिसेनासं झालं होतं म्हणे. वाद्य मोठं, खांद्यांवरच्या पट्ट्यांनी छातीवर बांधायचं. उजव्या हाताला पेटीसारख्या सुरांच्या पट्ट्या, डाव्या हाताला बटणं, मध्ये भाता. आई त्याला "छातीवरची पेटी" म्हणायची. विशीच्या आत भावजींना बक्षिसं मिळाली, रेडिओवर वादन झालं. आणि मग एका मोठ्या स्पर्धेत, भरलेल्या सभागृहासमोर, सुरुवातीच्या चार ओळी वाजवून झाल्यावर बोटं थांबली. विसरले नव्हते. पुढचा सूर डोक्यात स्पष्ट वाजत होता. पण बोट जिथे होतं तिथून उठेना. समोर अंधारातले ते चेहरे... "ते मजला खातात असें वाटलें," भावजी एकदा अंगणातल्या बाकावर बसून मला म्हणाले. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी लोकांसमोर वाद्य घेतलं नाही. गावातल्या गायकवृंदाला दिग्दर्शक हवा होता. ते भीतभीत गेले आणि तिथे त्यांना एक शोध लागला.

"विजया, दिग्दर्शक कोठे बघतो?"

"गाणाऱ्यांकडे."

"आणि लोक?"

"त्याच्या पाठीमागे."

"म्हणून मी तो झालों," असं म्हणून ते मनापासून हसले. हसताना मात्र हात मांडीखाली दाबून धरले होते. तेवढी आठवण काढली तरी त्यांची बोटं गार पडायची.

त्या पाठमोऱ्या माणसाने तिकडे मोठं नाव कमावलं. आसपासच्या गावांतून त्यांचा वृंद बोलावला जायचा. तालीम घेताना स्वतः अकॉर्डियन वाजवत, कार्यक्रमात मात्र वाद्य खुर्चीवर ठेवून नुसत्या हातांनी गाणं चालवत. निवृत्त झाल्यावर आईचं दुखणं काढायला म्हणून अक्का आणि ते कुंभकोणमला आले. आई गेली. मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना अक्काच गेली, तापाच्या निमित्ताने, चार दिवसांत. आम्हाला वाटलं, आता हे परत जातील. भावजी गेले नाहीत. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे, दिवसच्या दिवस बोलायचे नाहीत. मी कॉलेजातल्या नोकरीवरून परतताना गल्लीच्या तोंडाशी आले की माझी पावलं आपोआप मंदावायची. आत जाऊन काय बघावं लागेल, या विचाराने. शेजारचे लोक भीत ते वेगळ्याच कारणाने; गोरा माणूस, बोलत नाही, दार उघडं टाकून बसतो.

वाद्य परत बाहेर निघालं ते अलमेलू मामींमुळे. मामी आमच्या समोर राहतात आणि गोविंदपुरमच्या विठ्ठलाच्या देवळात भजनाला जातात. त्या एक दिवस सरळ आत आल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "त्या पेटीत काय आहे ते तरी दाखवा. गेल्यावर बघायचं का?" भावजींनी पेटी काढली. मामींनी भजन म्हटलं, त्यांनी हळूच सूर धरला, आणि कडव्याच्या शेवटी मामींच्या सुराखाली दुसराच एक सूर ठेवला. मामी थबकल्या. "चुकलात."

"चुकलों नाही, मामी. दुसरी वाट आहे ती. पुढें भेटते."

मामींना ते पटायला दोन-तीन आठवडे लागले. आमच्याकडे सगळ्यांनी एकाच सुरावर असायचं, निराळ्या सुरावर जाणं म्हणजे भरकटणं. पण एकदा पटल्यावर त्यांनीच बायका गोळा केल्या. मी आले. स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती ओतणारा मुरुगेसन आला, त्याचा आवाज इतका खोल होता की तो गायला लागला की भांड्यांच्या फळीवरचे पेले थरथरत. आणखी दहा-बारा जण. तालीम आमच्या पुढच्या खोलीत. आम्ही अभंग चार आवाजांत म्हणायचो, भावजींच्या गावचं एक संध्याकाळचं गाणंही म्हणायचो. लोक हसले, मग ऐकू लागले, मग बोलावू लागले. भावजी सगळीकडे येत, मात्र लोकांकडे पाठ करून.

आता त्या संध्याकाळविषयी लिहायला हवं. इतक्या वर्षांत ते मी कागदावर आणलेलं नाही.

शेजारच्या एका गृहस्थांच्या साठीशांतीचा समारंभ होता. वरच्या मजल्यावर हॉल, खाली भटारखाना आणि जेवणाची जागा. आमचं गाणं जेवणाआधी ठेवलं होतं. दुसरं गाणं सुरू होतं आणि मला वास आला. आधी वाटलं, तेल जळतंय. जिन्याच्या दाराशी बसलेली एक बाई उठून उभी राहिली. मग दारातून करडा, जाड धूर आत येताना मी पाहिला, आणि त्याच क्षणी वीज गेली. कुणीतरी ओरडलं, "नेरुप्पु! नेरुप्पु!" आग.

आमच्या गावाने एकदा आगीत लहान मुलं गमावली आहेत. त्याविषयी आम्ही फारसं बोलत नाही. पण या गावात बंद जागेत धूर दिसला की माणसाच्या अंगात काय होतं, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सगळा हॉल एकदम उठला. खुर्च्या पडल्या. आया पोरांची नावं घेऊन ओरडत होत्या. आणि सगळे धावले ते जिन्याकडेच, कारण आत आलो तो रस्ता तेवढाच ठाऊक होता. धूरही तिथूनच येत होता. मामींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की पुढे कितीतरी दिवस तिथे काळंनिळं होतं. त्या गोंधळात रंगमंचाच्या मागून धाड धाड आवाज आला. तिथे सजावटवाल्यांसाठी एक छोटं दार होतं, त्याला बाहेरून कडी होती. मुरुगेसन खांद्याने ते दार तोडत होता. दार मोडलं, बाहेरचा लोखंडी जिना दिसला, आभाळाचा तुकडा दिसला. पण हॉलमधल्या कुणालाच ते दिसत नव्हतं. त्यांची तोंडं पलीकडे होती, मध्ये धूर होता, आणि आमचं ओरडणं त्यांच्या ओरडण्यात बुडून जात होतं.

तेव्हा भावजींनी खुर्चीवरचं वाद्य उचललं. पट्टे खांद्यावर चढवताना एक त्यांना सापडेना, तो मीच चढवला. आणि ते वळले. लोकांकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांना तसं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं... भाता पुरता उघडून त्यांनी सगळ्या बोटांनी एक प्रचंड सूरमेळ वाजवला. तो आवाज त्या गलक्याच्या वरून गेला. काही डोकी वळली. "इंद पक्कम! इकडे!" भावजी ओरडले, तमिळ आणि मराठी एकत्र. मग ते गाणं वाजवू लागले, आणि मला म्हणाले, "गात बाहेर जा. गात जा! आवाज दिसतो त्यांना."

आम्ही गात जिना उतरू लागलो. ते गाणं नव्हतंच, किंचाळणं होतं सुरातलं. पण लोक येऊ लागले. एकमेकांचे पदर, शर्ट धरून, खोकत, रंगमंचावर चढून, त्या दारातून बाहेर. मी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून माणसं उतरवून घेत होते आणि कान वर लावले होते. अकॉर्डियन वाजत होतं... वाजत होतं... आणि थांबलं.

मी आयुष्यात अनेकदा घाबरले आहे. पण त्या शांततेइतकं नाही. वरून माणसं अजून येत होती, पण आता अडखळत, वाट चुकल्यासारखी. कुणीतरी आतून विचारत होतं, "एंगे? एंगे?" कुठे, कुठे. मुरुगेसन जिना चढू लागला. आणि मग आतून सूर आला. एकच. तंबोऱ्यासारखा एकच सूर, मध्येच न तुटणारा, भाता बंद होऊन परत उघडताना किंचित हेलकावणारा. चाल नाही, गाणं नाही, फक्त तो एक सूर. त्याच्या मागावर उरलेली माणसं बाहेर आली. शेवटी मुरुगेसन आत शिरला आणि वाद्यासकट भावजींना कवेत घेऊन बाहेर आला. त्यांचे डोळे बंद होते. डावा हात अजूनही भाता ओढत होता.

त्या दिवशी कुणी दगावलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घरी माणसांची रांग लागली, हार, फळं, नमस्कार. आजीबाया येऊन त्यांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायच्या. भावजी ओशाळून बसायचे. सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "मी मध्यें थांबलों, ऐकलीस?"

"ऐकलं."

"ते आलें होतें, विजया. तेंच, जुनें. धुरांत चेहरे दिसले आणि बोटें गेली. एक बोट पट्टीवर होतें, ते तेथेंच अडकलें. उठेना. भाता पण थांबला, मग तो मात्र चालूं लागला." पुढे म्हणाले, "हे लोक म्हणतात, धीराचा माणूस. मी वाजवलों नाही गा. बोट अडकलें होतें."

मी म्हणाले, "भावजी, वाद्य टाकून पळता आलं असतं की."

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "पळायचें सुचलेंच नाही. भ्यालेला माणूस मी, पळण्याला पण धीर लागतो." हे ते थट्टेने म्हणाले की खरंच, मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर खोकला लागला तो सुटला नाही. फुप्फुसं आधीच अशक्त होती, धुराने त्यात भर घातली, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या घरात भीती एखाद्या पाहुण्यासारखी मुक्कामाला आली. रोज सकाळी जाग आली की मी आधी भिंतीपलीकडच्या खोकल्याचा कानोसा घ्यायची; खोकला ऐकू आला की वाईट वाटायचं, नाही आला की त्याहून वाईट. तालीम मात्र भावजींनी सोडली नाही. वाद्य उचलवेना तेव्हा ते मांडीवर घेतलं. मांडीवर पेलवेना तेव्हा नुसता हात हलवून गाणं चालवलं. खोकल्याची उबळ आली की आम्ही शेवटचा सूर तसाच धरून ठेवत असू. उबळ संपली की ते डोळे पुसून बोटाने खूण करत, पुढे चला.

शेवटी श्वास पुरेना, तेव्हा तंजावरला नेलं. माझी त्यांच्याशी अखेरची भेट तो फोन आला त्याच्या आदल्या दुपारी झाली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. छाती वरखाली होत होती आणि डोळे माझ्यावर रोखलेले. अशा वेळी लोक जे बोलतात ते मी बोलायला गेले, "काही होत नाही, दोन दिवसांत घरी..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. तालमीत कुणी चुकीच्या जागी सुरुवात केली की थांबवत, तसा. मास्क किंचित बाजूला केला.

"विजया, मजला भय वाटतें."

मी त्यांचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "मलाही, भावजी."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "तुजलाही? बरें," ते म्हणाले. "मग दोन आवाज झाले." आणि मास्क परत लावून घेतला. माझा हात त्यांच्या हातात होता. बोटं गार होती, पण स्थिर. भेटीची वेळ संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून भ्यालो, एकत्र.

कावेरीच्या काठी सगळं पार पडलं. अक्काला अग्नी दिला होता तिथेच. जर्मनीहून त्यांच्या धाकट्या बहिणीने फोनवर पाहिलं. वृंदाने गायचं ठरवलं होतं, पण सुरुवात कुणी द्यायची ते कुणालाच कळेना, आणि आम्ही न गाताच परतलो. ती रुखरुख सगळ्यांनाच लागली असावी. कारण नंतर तीन आठवडे कुणी तालमीचं नाव काढलं नाही आणि समोरासमोर राहूनही मामी मला टाळत होत्या.

अकॉर्डियन पुढच्या खोलीत झाकून ठेवलं होतं. आमच्या हवेत ते बंद ठेवून चालत नाही. भात्याच्या घड्यांना बुरशी धरते, आतल्या पात्या चिकटतात. भावजी दर शुक्रवारी ते उघडून, वाजवायचं नसलं तरी, नुसता भाता हलवून घेत. एका बटणाने सूर न वाजता हवा आतबाहेर करता येते, हे त्यांनी मला एकदा दाखवलं होतं. गेल्या शुक्रवारी दुपारी मी धीर करून पेटीचं झाकण उचललं. वाद्य मांडीवर घेतलं. इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. ते बटण सापडायलाच वेळ लागला. दाबलं, डाव्या हाताने भाता ओढला, आणि खोलीत कुणीतरी खोल श्वास घेतला. हात तिथेच राहिला. मग हळूहळू भाता मिटला, तेव्हा तो श्वास तितकाच लांब बाहेर आला. मी भीत होते आणि करत होते. आत, बाहेर. आत, बाहेर.

पायरीवर कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि थांबल्या. दाराबाहेर अलमेलू मामी उभ्या होत्या. उंबरा ओलांडेनात. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"विजया... आत कोण आहे?"

मी बटण सोडलं नाही. म्हणाले, "आत या मामी, बसा. तालीम घ्यायची आहे."